फटाक्यांविषयीचे बदललेले मन कसे वाचावे आणि सणाची रात्र त्याप्रमाणे कशी आखावी

फटाक्यांच्या आवाजाने रडणारे मूल दहा-बारा वर्षांचे झाले की वात पेटवण्यासाठी भावंडांशी भांडते, विशीत मित्रांच्या टोळक्यात सर्वांत मोठा आवाज काढण्याची ईर्ष्या बाळगते, पस्तिशीत स्वतःच्या मुलाचे मनगट घट्ट धरून उभे राहते आणि साठीनंतर अंधार पडायच्या आत खिडक्या लावून घेते. प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाला आपले त्या वेळचे मतच शहाणपणाचे वाटते आणि आदल्या वयातला स्वतःचा उत्साह किंवा धास्ती तो सोयीस्करपणे विसरतो. एकाच घरात हे सगळे टप्पे एकाच रात्री एकत्र येतात, म्हणून सणाच्या दिवशी फटाक्यांवरून खटके उडतात. पुढे दिलेली रीत आपल्या मनातला हा बदल नीट तपासण्यासाठी आणि त्यातून सर्वांना झेपेल अशी सणाची रात्र आखण्यासाठी आहे. तिला एक वही, एक निवांत संध्याकाळ आणि सणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे पुरतात. पाळीव प्राणी असेल तर मात्र काही महिने आधी सुरुवात करावी. त्याचे कारण पुढे येईल.

वहीत काय लिहावे

‘मला तेव्हा फटाके आवडत होते का?’ असा प्रश्न स्वतःला विचारू नये. त्याचे उत्तर स्मृती आजच्या मताला साजेसे देते: ज्याला आज फटाके नकोसे झाले आहेत त्याला ‘तसे ते मला कधीच आवडले नव्हते’ असे वाटू लागते, आणि ज्याला आजही हौस आहे त्याला लहानपणीचे रडणे आठवत नाही. त्याऐवजी प्रत्येक वयासाठी एकच गोष्ट लिहावी: वात पेटली तेव्हा आपण तिच्यापासून किती अंतरावर उभे होतो. अंतर सहसा खोटे बोलत नाही. आईच्या मागे दडलेले मूल, वातीवर ओणवा झालेला मुलगा, हातात पाण्याची बादली घेऊन मध्ये उभा असलेला बाप, गच्चीच्या कठड्याला टेकून लांबची आतषबाजी पाहणारी मावशी आणि आतल्या खोलीत दार लावून बसलेले आजोबा, यांतल्या कोणालाही आवड-नावड विचारण्याची गरज पडत नाही.

अंतराच्या जोडीला आणखी तीन तपशील टिपावेत: वात कोण पेटवत होते, आपले हात कुठे होते आणि दुसऱ्या दिवशी कागदांचा कचरा कोणी झाडला. एखादी नोंद साधारण अशी होईल: ‘वय नऊ. पायरीवर, वातीपासून सात-आठ पावले. पेटवणारे काका. दोन्ही कानांत बोटे, पण डोळे सताड उघडे. भुईचक्र थांबले की जमिनीवर उमटलेला काळा गोल बघायला धाव. कचरा कोणी काढला ते आठवत नाही.’ शेवटच्या वाक्यात त्या वयाचे मर्म आहे. कचरा कोणी काढला हे आठवू लागते त्या वर्षापासून माणूस पाहुण्याचा यजमान झालेला असतो, आणि फटाक्यांविषयीची भावना बदलण्याचे एक मोठे कारण तेच असते.

वर्षवार नोंदी कराव्यात असे नाही. पाच-सहा टप्पे पुरेत, आणि मधला एखादा काळ कोरा राहिला तर तो तसाच ठेवावा. मात्र घरातल्या ज्येष्ठांकडून स्वतःच्या अगदी लहानपणीची नोंद अवश्य मिळवावी, कारण पहिल्या तीन-चार वर्षांचे आपल्याला काही आठवत नाही आणि नेमक्या त्याच वयातली वागणूक अनेकांना चकित करते. आज ज्यांना धमाक्याशिवाय सण वाटत नाही, त्यांतले कित्येक जण त्या वयात पलंगाखाली सापडत असत.

अंतर का वाढले, याची तीन कारणे

नोंदी झाल्या की त्या एकाखाली एक ठेवून पाहाव्यात आणि ज्या ठिकाणी अंतर एकदम वाढले किंवा कमी झाले तिथे खूण करावी. प्रत्येक खुणेशी तीनपैकी एक किंवा अधिक कारणे सापडतात: शरीर बदलले, जबाबदारी बदलली, किंवा विचार बदलला. माझ्या मते बहुतेक लोक हा क्रम उलटा सांगतात. आपण विचार करून फटाके सोडले असे ते म्हणतात, परंतु नीट पाहिले तर आधी कानाने किंवा झोपेने कुरकुर सुरू केलेली असते आणि विचार तिच्या मागून आलेला असतो. यात कमीपणा नाही. मात्र हे ओळखले नाही तर माणूस आपल्या कानाची तक्रार तत्त्व म्हणून तरुणांवर लादतो, आणि तरुणांना ते बरोबर कळते.

शरीरातला बदल सर्वांत कमी लक्षात घेतला जातो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. नवजात बाळ मोठ्या आवाजाने दचकून हातपाय फेकते. ही प्रतिक्षिप्त क्रिया चार ते सहा महिन्यांत ओसरते, परंतु त्यानंतर दोन ते पाच वर्षांच्या वयात अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाची भीती पुन्हा ठळकपणे दिसते. या वयातल्या मुलाला आवाज कुठून आला, पुढचा कधी येईल आणि तो आपल्याला इजा करील का, यांपैकी काहीच ठरवता येत नाही. त्याच्या कानाची नळी लहान असल्यामुळे उच्च पट्टीतले आवाज तिच्यात अधिक तीव्र होतात, हेही ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या सामाजिक गोंगाटाविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा प्रौढांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० डेसिबल अशी वेगवेगळी दिली आहे. ‘घाबरतोस काय, भित्रा कुठला’ असे म्हणणाऱ्या काकांनी हा फरक ऐकून ठेवण्यासारखा आहे.

पौगंडावस्थेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. धोक्यात मौज वाटणे, आणि ती मौज बरोबरीचे पाहत असताना दुप्पट होणे, हा त्या वयाचा स्वभाव आहे. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटून गेल्यावरही परिपक्व होतच असतो. त्या वयातल्या आपल्या नोंदीत लाज वाटावी असे काही आढळले तर ते खोडू नये, कारण घरातल्या आजच्या सोळा वर्षांच्या मुलाशी बोलताना तीच नोंद उपयोगी पडते.

उतारवयात कानाचे जे होते ते मात्र समजून घेण्याजोगे आहे. आतल्या कानातल्या शंखाकृती भागात जन्मतः साधारण पंधरा हजार संवेदनशील केसपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय आणि आयुष्यभराचा गोंगाट मिळून त्यांतल्या बऱ्याच नाहीशा होतात, आणि उच्च पट्टीतले आवाज प्रथम हरवतात. त्यामुळे हळू आवाज ऐकू येईनासे होतात, परंतु आवाज असह्य वाटण्याची मर्यादा वर सरकत नाही; ती होती तिथेच राहते किंवा खाली येते. ऐकू न येणे आणि सहन न होणे यांच्यामधली पट्टी अशी अरुंद होत जाते. ‘आजीला एरवी हाका मारून घसा बसतो, मग फटाक्यांचा एवढा त्रास कसा होतो?’ या नातवंडांच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. आजीचा कान मंद झाला आहे म्हणून धमाका तिला मंद ऐकू येत नाही. हळू बोलण्यापासून कानठळ्यांपर्यंतचा प्रवास तिच्या कानात मधल्या पायऱ्या गाळून होतो.

जबाबदारीचे कारण सोपे आहे. पालक झाल्यावर माणसाचे डोळे आकाशावरून जमिनीवर येतात. साध्या फुलबाजीचे जळते टोक १,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, हे आठव्या वर्षी ठाऊक नसते आणि ठाऊक असते तरी मजा कमी झाली नसती. विझलेल्या फुलबाजीची तार पाहावी: लाल रंग जातो, तार करडी दिसू लागते, मूल ती निवली असे समजून खाली टाकते आणि मागून येणाऱ्या भावंडाचा अनवाणी पाय तिच्यावर पडतो. हा प्रसंग एकदा पाहिलेल्या माणसाची नजर पुढे प्रत्येक सणाला आकाशापेक्षा पावलांवरच राहते, आणि ‘हल्ली मजा येत नाही’ असे तो म्हणतो तेव्हा त्याने वर पाहिलेलेच नसते.

तिसरे कारण विचाराचे. धूर, कचरा, प्राण्यांचे हाल, खर्च, कारखान्यांत काम करणाऱ्यांचा धोका, यांपैकी एखादी गोष्ट वाचून किंवा पाहून मत बदलते. हे कारण खरे असेल तर ते आपल्या आवडत्या प्रकारालाही लागू होते, ही त्याची कसोटी. ज्याला धुराची चिंता आहे पण भुईनळ्याचा धूर चालतो, त्याने आपली अडचण बहुधा आवाजाची आहे असे समजावे.

नेमके काय नकोसे झाले ते शोधणे

‘फटाके नकोत’ हे वाक्य फार ढोबळ आहे, कारण त्यात आवाज, धूर, चकाकी, गर्दी, वास, जागरण आणि जुनी आठवण असे सगळे एकत्र कोंबलेले असते आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ते सुटे करण्यासाठी एक प्रयोग करावा. आतषबाजीची कोणतीही चित्रफीत आधी आवाज पूर्ण बंद करून पाहावी. मन रमले तर आपले भांडण रंगांशी नाही, आवाजाशी आहे. मग तीच चित्रफीत पुन्हा, हळू आवाजात पाहावी आणि खांदे कधी आवळले जातात तिकडे लक्ष द्यावे. काहींचे खांदे धमाक्याला आवळत नाहीत. वर जाताना होणाऱ्या शिट्टीला आवळतात. म्हणजे त्यांना त्रास वाट पाहण्याचा आहे. अशा माणसाला कानात घालण्याच्या बोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, पण आतषबाजी किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार हे आधी सांगितल्याने पुष्कळ फरक पडतो.

वासाची परीक्षा घरात घेता येत नाही, पण ती सणाच्या रात्री आपोआप होते. जुन्या काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते, आणि जळल्यावर येणारा तो ओळखीचा उग्र वास मुख्यतः गंधकाच्या संयुगांचा. वासाची वाट मेंदूत भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांना फार जवळून जाते. म्हणूनच फटाक्यांचा कंटाळा आलेल्या माणसालाही तो वास आला की क्षणभर बरे वाटते आणि आपले मत डळमळले की काय अशी शंका येते. मत डळमळलेले नसते. वहीत ‘वास आवडतो, आवाज नाही’ असे लिहावे आणि पुढे जावे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

मध्यमवयात ओसरलेली आवड परत आणायची असेल तर कुतूहलाचा रस्ता मला सर्वांत चांगला वाटतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, नारिंगी कॅल्शियमचा, निळा तांब्याचा. पांढरी चमक मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची आणि सोनेरी ठिणग्या लोखंडाच्या किंवा कोळशाच्या. त्यांत निळा काढणे सर्वांत कठीण, कारण तो रंग देणारे तांब्याचे संयुग जास्त उष्णतेत टिकत नाही आणि कमी उष्णतेत पुरेसे उजळत नाही. हे एकदा कळले की लांबून पाहतानाही माणूस गर्द निळ्याची वाट पाहू लागतो आणि बाकीच्यांना धमाका ऐकू येत असताना तो रंगांची पारख करत असतो. शोभेच्या दारूत गडद रंग येऊन फार काळ लोटलेला नाही: १८३०च्या दशकात इटलीतल्या कारागिरांनी धातूंचे क्षार आणि पोटॅशियम क्लोरेट वापरायला सुरुवात केली, त्याआधी शेकडो वर्षे आतषबाजी बहुतांशी पांढरी आणि नारिंगीच होती. त्यामुळे ‘पूर्वीचे खरे फटाके राहिले नाहीत’ असे म्हणणाऱ्याला पूर्वीचे म्हणजे कधीचे, असे विचारता येते.

अंतर आखून देणे

आता वहीतून अंगणात यावे. ज्या अंतरावरून आपण भावना ओळखल्या, तेच अंतर त्या रात्रीची व्यवस्था लावण्यासाठी वापरता येते. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. समजा, एखाद्या फटाक्याचा आवाज ४ मीटरवर १४० डेसिबल आहे, तर ८ मीटरवर तो १३४, १६ मीटरवर १२८ आणि ४० मीटरवर जवळजवळ १२० होईल. म्हणजे मुलांसाठी सांगितलेली मर्यादा पाळायची तर अशा फटाक्यापासून मूल चाळीस मीटर लांब हवे, आणि बहुतेक घरांसमोर एवढी जागा नसते. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या गल्लीत तर आवाज आदळून परत येतो आणि हा हिशेब आणखी बिघडतो. यातून निष्कर्ष सरळ निघतो: जिथे लहान मुले आणि वृद्ध जवळ असणार तिथे धमाक्याचे प्रकार आणूच नयेत; फुलबाजी, भुईनळा, भुईचक्र अशा प्रकाशाच्या प्रकारांवर भागवावे आणि ज्यांना आवाज हवा त्यांनी तो मोकळ्या मैदानात, ठरलेल्या वेळी करावा.

घाबरणाऱ्या मुलाला लांबची आतषबाजी दाखवणे हा चांगला आरंभ आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून एक किलोमीटरवर फुटलेल्या फटाक्याचा प्रकाश आधी दिसतो आणि आवाज जवळजवळ तीन सेकंदांनी येतो. मुलाला मांडीवर घेऊन प्रकाश दिसताच ‘एक, दोन, तीन’ मोजायला लावावे. आवाज आपण मोजल्यावर येतो, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या खेपेला उमगते आणि आवाज अचानक राहत नाही. भीतीचा मोठा भाग त्या अचानकपणात असतो. मूल तयार झाले की पुढच्या वर्षी थोडे जवळ यावे. त्याच रात्री ‘आता जाऊ या पुढे’ असा आग्रह धरू नये. मुलाने मध्येच ‘घरी चल’ म्हटले तर वाद न घालता परतावे. परतता येते हे कळलेले मूल पुढच्या वेळी अधिक वेळ थांबते.

कानात घालण्याचे फोमचे बोळे वापरायचे तर ते नीट घालावेत, नाहीतर ते नुसतेच कानाच्या तोंडाशी अडकून बसतात. बोळा दोन बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की तो बसला असे समजावे. तान्ह्या आणि लहान मुलांच्या कानात बोळे घालू नयेत, कारण ते काढून तोंडात घालण्याचा धोका असतो; त्यांच्यासाठी बाहेरून कान झाकणारी कवचे वापरावीत. श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांनी यंत्र काढून ठेवले तर त्यांना आराम मिळतो, परंतु मग कोणी काय बोलते ते कळत नाही आणि सणाच्या गर्दीत ते एकटे पडतात. त्यांच्या समोर, चेहरा दिसेल असे, कोणीतरी बसावे. हे काम घरातल्या ज्या मुलाला स्वतःला फटाके आवडत नाहीत त्याला दिले तर दोघांचीही संध्याकाळ चांगली जाते.

धुराविषयी एवढे ध्यानात ठेवावे की वारा पडलेल्या थंड रात्री जमिनीलगतची हवा वर जात नाही आणि धूर तिथेच साचतो. दमा किंवा श्वसनाचा जुनाट विकार असणाऱ्यांनी आतषबाजी सुरू होण्याआधीच आत जावे, खिडक्या लावाव्यात आणि श्वासावाटे घ्यायचे औषध खिशात ठेवावे. तोंडाला बांधलेला साधा रुमाल धुरातले सूक्ष्म कण अडवत नाही.

पेटवणाऱ्यासाठी नियम थोडेच आहेत, पण ते मोडले जातात म्हणून सांगतो. सुती कपडे, पायात बंद जोडे, लांब दांड्याची काडी, जवळ पाण्याची भरलेली बादली. फटाक्यावर ओणवे होऊ नये. हात लांब करून, तोंड बाजूला ठेवून वात पेटवावी. फुसका निघालेला फटाका पुन्हा पेटवू नये. किमान वीस मिनिटे त्याच्याजवळ जाऊ नये आणि मग लांबूनच पाणी ओतून तो भिजवावा. विझलेल्या फुलबाज्या थेट बादलीत टाकाव्यात. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तेल लावू नये आणि भाजलेला भाग मोठा असेल किंवा चेहरा, डोळे, हात यांना इजा झाली असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

कुत्रे सुमारे ४५ किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकते, तर माणसाची मजल २० पर्यंत असते, आणि आवाज संपेल केव्हा हे त्याला सांगता येत नाही. म्हणून काही महिने आधी फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, त्याच वेळी खाऊ देऊन, दिवसेंदिवस किंचित वाढवत न्यावा. कुत्र्याने कान पाडले तर एक पायरी खाली यावे. त्या रात्री त्याला अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणावे, आतल्या खोलीत लपायला जागा करून द्यावी आणि ते जवळ आले तर कुरवाळावे. कुरवाळल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. दरवर्षी थरथर कापणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्यांना आधीच भेटावे, कारण काही औषधे आवाज सुरू होण्याआधी दिली तरच उपयोगी पडतात.

घरात बोलताना

आपली नोंद घरातल्यांना वाचून दाखवावी, विशेषतः जुने टप्पे. ज्या आईने ‘मलाही बारा वर्षांची असताना वात पेटवायची घाई असायची’ हे सांगितले, तिचा ‘आता मात्र तो आवाज माझ्या छातीत बसतो’ हा पुढचा भाग मुलगा ऐकून घेतो. बोलताना ‘मला सहन होत नाही’ आणि ‘हे करणे चूक आहे’ ही दोन वाक्ये कटाक्षाने वेगळी ठेवावीत. पहिल्या वाक्यावर वाद होत नाही, त्यावर व्यवस्था लागते: वेळ ठरते, जागा ठरते. दुसऱ्या वाक्यावर वाद होणारच, आणि तो सणाच्या संध्याकाळी न करता आधीच्या आठवड्यात, खरेदीपूर्वी करावा. आणलेल्या खोक्यासमोर तत्त्वचर्चा केली की कोणाचेच समाधान होत नाही आणि खोके शेवटी फुटतेच.

आपली नावड मुलांना वारशात देण्याची घाई करू नये, तसेच आपली हौसही त्यांच्यावर लादू नये. ‘आम्ही तुझ्याएवढे असताना’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य दोन्ही बाजूंनी टाळलेले बरे. मुलाला स्वतःची वही करू द्यावी. दुसरीतल्या मुलाने काढलेल्या चित्रातही ते स्वतः कुठे उभे आहे हे स्पष्ट दिसते.

केव्हा केवळ समजून घेणे पुरत नाही

काही बदल वयाच्या स्वाभाविक चालीतले नसतात. ज्याने युद्ध, स्फोट किंवा गोळीबार अनुभवला आहे त्याच्या शरीराला फटाका आणि तो जुना प्रसंग यांतला फरक क्षणभर कळत नाही; घाम, धडधड, पळून जाण्याची ओढ ही त्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. अशा शेजाऱ्याला ठरलेली वेळ आधी कळवणे ही साधी माणुसकी झाली, आणि त्रास दरवर्षी वाढत असेल तर त्याने मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. पन्नाशीच्या आतच भांडी आपटण्यासारखे रोजचे आवाजही एकाएकी असह्य होऊ लागले, किंवा आतषबाजीनंतर कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, ऐकू कमी येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे. ‘फटाक्यांमुळे झाले, जाईल आपोआप’ असे म्हणून आठवडा घालवू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला आवाजाचे कारण दर वेळी नव्याने सांगावे लागते. तिला त्या रात्री एकटे ठेवू नये, पडदे ओढून ओळखीचे संगीत लावावे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कचरा झाडून झाल्यावर, वहीत त्या वर्षाची नोंद करावी: अंतर, पेटवणारा, हात कुठे होते, कचरा कोणी काढला. ठरवलेल्यापैकी काय पाळले गेले आणि काय नाही तेही एका ओळीत लिहावे, आणि आतषबाजी ठरल्यापेक्षा उशिरापर्यंत चालली असेल तर पुढच्या वर्षी वेळ कोणी राखायची त्याचे नाव तिथेच लिहून ठेवावे.